फ्लोरिडाच्या वाळूत सापडणारी ती काळी, जड हाडं डायनोसॉरची नाहीत! मग कुणाची?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, मेक्सिकोच्या आखाताकाठी व्हेनिस हे छोटं शहर आहे. शार्कचे जीवाश्म झालेले दात शोधायला लोक इथे मुद्दाम येतात. वाळू चाळताना दातांसोबत केळ्यासारखे वाकलेले काळे-तपकिरी तुकडेही हमखास हाती लागतात. कुणी असा फोटो 'डायनोसॉरचं हाड' म्हणून पाठवला तर लगेच फॉरवर्ड करू नका. डायनोसॉरच्या काळात हा भाग समुद्राखाली होता.

हे तुकडे आहेत समुद्री गाईच्या बरगड्यांचे, साधारण १ कोटी वर्षांहून जुने. नावात गाय असली तरी या प्राण्याचं जवळचं नातं हत्तीशी आहे.

पण बरगड्याच का?

समुद्री गाय तळाशी उगवणारं गवत खाते. मोठी फुप्फुसं आणि पोटातला वायू मात्र तिला वर ढकलत राहतात. पाणबुडे कमरेला शिशाची वजनं बांधतात ना, तसंच काम तिच्या बरगड्या करतात. त्या जाड आणि आतून भरीव असतात, मज्जेची पोकळीच नाही. म्हणूनच लाटांच्या माऱ्यात कवटीचे पातळ भाग फुटून जातात, बरगड्या टिकतात. त्यात एकेका प्राण्याला ३०हून जास्त बरगड्या!

ओळखायची खूण सोपी आहे. तुटलेल्या टोकाकडे पाहा: स्पंजासारखी छिद्रं नसतील आणि हाड सलग, घट्ट दिसत असेल, तर बहुधा समुद्री गाईचंच. जात कोणती हे मात्र नुसत्या तुकड्यावरून सांगता येत नाही, त्यासाठी कवटी किंवा दात लागतात. आणि हो, तिथल्या सरकारी जागेतून शार्कचे दात उचलायला परवाना लागत नाही, पण अशा हाडांसाठी लागतो.

आपल्याकडे?

गुजरातच्या कच्छमध्ये २ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्री गाईंचे जीवाश्म मिळाले आहेत. 'भारतीसायरन', 'कच्छीसायरन' आणि 'डोमनिंगिया' अशा वेगवेगळ्या समुद्री गाई तेव्हा त्याच समुद्रात चरत होत्या. सुळे आणि जबड्याच्या ठेवणीतल्या फरकामुळे त्या वेगवेगळं गवत खात असाव्यात, असं संशोधक मानतात.

आज भारतात एकच जात उरली आहे, ड्युगाँग. तीही फक्त कच्छचं आखात, तमिळनाडूचा किनारा आणि अंदमान-निकोबारमध्ये. तिच्यासाठी तमिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर केलं.