सोन्याच्या खाणीतून विश्वाकडे : कोलार येथील भूमिगत संशोधनाचा इतिहास

प्रास्ताविक

द्रव्याचा सूक्ष्मतम कण आणि विश्वाचा अफाट पसारा ही दोन टोके एकाच संशोधनात जोडावीत, ही कल्पना आज अनेक विद्यापीठांच्या धोरणपत्रिकांत वाचावयास मिळते. भारतात मात्र ती धोरणाचा शब्द होण्यापूर्वीच प्रत्यक्षात आली होती, आणि तीही कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ यांनी तेथे मिळून केलेले काम आपल्याकडे साधारणतः दोन प्रकारे सांगितले जाते. एक म्हणजे 'जगात आपण पहिले' असा अभिमान आणि दुसरा म्हणजे 'नोबेल हुकले' अशी हळहळ. या दोन्ही कथनांत खाण जवळपास अदृश्य होते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या संशोधनाचे यश आणि त्याचा शेवट हे दोन्ही समजून घ्यावयाचे तर भौतिकीइतकेच सोन्याच्या अर्थकारणाकडेही पाहिले पाहिजे.

खाण आणि विश्वकिरण

अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणातील अणुकेंद्रांवर आदळले की पायॉन, केऑन इत्यादी अल्पायुषी कण निर्माण होतात. त्यांच्या ऱ्हासातून म्यूऑन व न्यूट्रिनो जन्मतात. म्यूऑन खडकात खोलवर शिरतो, परंतु त्यालाही मर्यादा असते. न्यूट्रिनो मात्र बहुधा संपूर्ण पृथ्वी बिनदिक्कत पार करतो. म्हणून जितके खोल जावे तितके म्यूऑन विरळ होत जातात आणि न्यूट्रिनोंची अत्यंत क्षीण खूण दिसण्याची शक्यता वाढते.

होमी भाभा यांना विश्वकिरणांचा विषय जवळचा होता. त्यांच्या प्रेरणेने बी. व्ही. श्रीकंठन यांनी १९५१ पासून कोलारच्या खाणीत म्यूऑनांची मोजणी सुरू केली. टाटा संस्थेस त्या काळी स्वतः पदवी देण्याचा अधिकार नव्हता. तेथील संशोधक पीएच.डी.साठी मुंबई विद्यापीठात नोंदणी करीत. संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो २००२ मध्ये. संस्था आणि विद्यापीठ यांच्यातील भिंती तेव्हा आजच्या समजुतीपेक्षा सच्छिद्र होत्या, एवढे येथे नोंदवून पुढे जाऊ.

कोलारचे आधुनिक खाणकाम १८८० मध्ये जॉन टेलर आणि सन्स या ब्रिटिश कंपनीने हाती घेतले. कावेरीवरील शिवनसमुद्र येथून १९०२ मध्ये तेथे वीज आली. चँपियन रीफ ही खाण पुढे तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली. जगातील सर्वाधिक खोल खाणींत तिची गणना होई. अगदी तळाच्या भागात खडकाचे तापमान साठ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त असे. दाबाखालील खडक अचानक फुटण्याचा धोका कायम होता आणि कामगारांनी त्याची किंमत प्राणांनी मोजली. शास्त्रज्ञांच्या आठवणींत खाणीचे अधिकारी व कामगार यांचा उल्लेख बहुधा आभारापुरता येतो. वस्तुतः शाफ्ट, वायुवीजन, वीज, पाण्याचा उपसा यांपैकी काहीही प्रयोगासाठी निर्माण झालेले नव्हते. ते सोन्यासाठी होते. विज्ञान त्यावर पाहुण्यासारखे राहिले.

शून्याचा अर्थ

या इतिहासातील सर्वांत मोलाची घटना मला १९६५ ची वाटत नाही. १९६० च्या सुमारास ओसाकाचे एस. मियाके, तसेच व्ही. एस. नरसिंहम आणि पी. व्ही. रमणमूर्ती यांनी वेगवेगळ्या पातळ्यांवर म्यूऑनांची तीव्रता मोजत नेली. सर्वांत खोल पातळी २,७६० मीटरची होती. कोलारचा खडक सामान्य खडकापेक्षा घन असल्याने ही खोली सुमारे ८,४०० मीटर पाण्याच्या आवरणाइतकी भरते. तेथे उपकरण सुमारे दोन महिने चालविण्यात आले आणि एकाही कणाची नोंद झाली नाही.

सामान्यतः अशा प्रयोगाची वही मिटून ठेवली जाते. येथे नेमके उलटे घडले. म्यूऑनांचा कोलाहल जेथे संपतो अशी जागा सापडली आहे, हे या शून्याने सांगितले. मॉस्कोतील मार्कोव्ह आणि अमेरिकेतील ग्राइसेन यांनी १९६० मध्ये स्वतंत्रपणे वातावरणीय न्यूट्रिनोंचा भूमिगत शोध घेण्याची कल्पना मांडली होती. कोलारचे मोजमाप त्या कल्पनेला ठाव देणारे ठरले. नकारात्मक निष्कर्षांना आपल्या विद्यापीठीय प्रबंधांत स्थान मिळत नाही, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. म्हणून या शून्याकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते.

१९६५ : प्राधान्याचा प्रश्न

यानंतर सुमारे २,३०० मीटर खोलीवर नवी मांडणी झाली. प्लास्टिक सिंटिलेटरच्या उभ्या भिंती, त्यांच्यामध्ये शिशाचे थर आणि निऑन फ्लॅश ट्यूबांच्या ओळी, असे तिचे स्वरूप होते. फ्लॅश ट्यूबांचे तंत्र डरहॅममध्ये ए. डब्ल्यू. वोल्फेन्डेल यांच्या गटाने विकसित केले होते. टाटा संस्थेकडून एम. जी. के. मेनन व श्रीकंठन यांचे नेतृत्व होते. मेनन यांनी ब्रिस्टल येथे सेसिल पॉवेल यांच्या प्रयोगशाळेत मूलकणांवर काम केले होते. भिंती उभ्या ठेवण्यामागील तर्क सरळ होता. वातावरणातून आलेला म्यूऑन एवढ्या खोलीवर जवळजवळ वरूनच येऊ शकतो, कारण तिरप्या वाटेवर खडकाची जाडी फार वाढते. तेव्हा आडव्या दिशेने येणारा म्यूऑन हा जवळपासच्या खडकात न्यूट्रिनोच्या आघातानेच निर्माण झालेला असला पाहिजे.

याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट रँड सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांचा गट अमेरिकेतील केस इन्स्टिट्यूट व विटवॉटर्सरँड विद्यापीठ यांच्या वतीने हाच शोध घेत होता. त्यांची पहिली नोंद २३ फेब्रुवारी १९६५ ची आहे, म्हणजे कोलारच्या आधीची. परंतु कोलारचा शोधनिबंध 'फिजिक्स लेटर्स'मध्ये १५ ऑगस्ट १९६५ रोजी, तर राइन्स यांचा 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये ३० ऑगस्टला प्रसिद्ध झाला. निबंध दाखल होण्याच्या तारखाही अनुक्रमे १२ व २६ जुलै अशा आहेत. तेव्हा निरीक्षणात राइन्स पुढे आणि प्रकाशनात कोलार पुढे, असे म्हणणेच न्याय्य होईल. नोबेलची हळहळ तर अस्थानी आहे. राइन्स यांना १९९५ मध्ये मिळालेले पारितोषिक १९५६ च्या, अणुभट्टीजवळील न्यूट्रिनो शोधासाठी होते. खाणीतील कामासाठी नव्हे.

प्रोटॉनचे मरण

१९७४ मध्ये पति-सलाम आणि जॉर्जाय-ग्लॅशो यांच्या सिद्धांतांनी प्रोटॉन चिरंतन नसावा, असे सुचविले. हा प्रश्न केवळ कणाचा नव्हता. विश्वात द्रव्य उरले आणि प्रतिद्रव्य का उरले नाही, याचे सखारोव्ह यांनी १९६७ मध्ये दिलेले स्पष्टीकरण अशाच प्रक्रियांची अपेक्षा करीत होते. कोलारमध्ये १९८० च्या अखेरीस टाटा-ओसाका गटाने लोखंडी पत्रे व प्रपोर्शनल काउंटर यांची सुमारे १४० टनांची रचना सुरू केली. या प्रश्नासाठी खास उभारलेल्या पहिल्या प्रयोगांपैकी तो एक होय. एवढ्या लोखंडात प्रोटॉन व न्यूट्रॉन मिळून सुमारे ८ × १०^३१ कण असतात. त्यांचे आयुर्मान १०^३१ वर्षे धरल्यास वर्षाला आठ-एक घटना अपेक्षित. गटाने १९८१ पासून काही संभाव्य घटना जाहीर केल्या.

त्या टिकल्या नाहीत. अमेरिकेतील हजारो टन पाण्याच्या आय.एम.बी. प्रयोगाला आणि जपानच्या ३,००० टनी कामिओकांडेला असा ऱ्हास आढळला नाही. आज सुपर-कामिओकांडेने पॉझिट्रॉन व पायॉन या वाटेने होणाऱ्या ऱ्हासासाठी प्रोटॉनच्या आयुर्मानाची किमान मर्यादा २.४ × १०^३४ वर्षांपर्यंत नेली आहे. कोलारचा दावा चुकीचा ठरला, हे आपल्याकडील गौरवपर लेखनात गाळले जाते किंवा कुजबुजत सांगितले जाते. त्याची गरज नाही. तो दावा उपकरणाच्या पूर्ण वर्णनासह उघडपणे मांडला गेला आणि इतरांना तपासता आला.

येथे खोली व वस्तुमान यांचा झगडा दिसतो. कोलार खोल होते, पण अरुंद. कामिओका सुमारे एक किलोमीटरच खोल, परंतु तेथे टोकियो विद्यापीठास प्रशस्त गुहा कोरता आली. प्रोटॉनसाठी बांधलेल्या त्याच टाकीने २३ फेब्रुवारी १९८७ रोजी अतिनवताऱ्यातून आलेले न्यूट्रिनो टिपले आणि तिच्या वारसदाराने १९९८ मध्ये वातावरणीय न्यूट्रिनोंचे आंदोलन सिद्ध केले. कोलारने १९६५ मध्ये पाहिलेले न्यूट्रिनो याच प्रकारचे होते. फरक संख्येचा होता.

अखेर

सोन्याचे प्रमाण घटत गेले आणि उत्खनन तोट्यात गेले. खोल पातळ्या बंद होऊ लागल्या तसे १९९२ च्या सुमारास प्रयोगही थांबले. २००१ मध्ये भारत गोल्ड माइन्सने काम बंद केल्यावर पाण्याचा उपसा थांबला व खालचे भाग बुडाले. वस्तीतील हजारो कुटुंबांची उपजीविका गेली. त्या मानाने प्रयोगशाळेचा तोटा लहानच म्हणावा लागेल. विज्ञानासाठी स्वतंत्र भूमिगत प्रयोगशाळा हवी, हा धडा मात्र तेथूनच घेतला गेला. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात योजलेल्या भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेला केंद्राने २०१५ मध्ये मंजुरी दिली, परंतु स्थानिक विरोध व पर्यावरणविषयक आक्षेप यांत ती अडकली.

कोलारची विद्या उटीला टिकली. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवरील ग्रेप्स-३ प्रयोगात कोलारच्याच पद्धतीचे ३,७१२ प्रपोर्शनल काउंटर ५६० चौरस मीटरवर मांडलेले आहेत आणि ओसाकाचे सहकार्यही तेथे चालू राहिले. १ डिसेंबर २०१४ रोजी तेथून जाणाऱ्या एका वादळी मेघाखाली म्यूऑनांची संख्या किंचित घटली. त्या घटीवरून मेघातील विद्युत् विभव सुमारे १३० कोटी व्होल्ट असल्याचे अनुमान २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.