तिसऱ्या भोकाची गोष्ट

नांदेडच्या आमच्या जुन्या माळवदाच्या घरात भिंतीवर लाकडी पट्टी होती आणि तिच्यावरून दोन वायरी गेल्या होत्या. दाराशी गोल लाकडी ठोकळा, त्यावर काळं बटन आणि दोन भोकांचं सॉकेट. त्यावर रेडिओ चालायचा. दिव्याला आणि रेडिओला दोन तारा पुरतात : एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते.

1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, 1971 मध्ये परळीचं औष्णिक केंद्र सुरू झालं. मराठवाड्यात वीज पसरत गेली. मग घरात इस्त्री आली, फ्रिज आला आणि आपल्या उन्हाळ्याचा सोबती, लोखंडी कुलर आला. घरातली वायरिंग मात्र दिव्यापुरतीच राहिली. लोखंडी अंगाच्या वस्तूला तिसरी तार लागते. आत फेजची तार पत्र्याला चिकटली, तर वीज माणसातून न जाता जमिनीत जावी आणि फ्यूज उडावा, यासाठी. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत अर्थिंग सांगितलेलं होतं. आमच्यासारख्या घरांच्या भिंतीपर्यंत ते पोचलं नव्हतं.

एका मे महिन्यात आई कळशीनं कुलरमध्ये पाणी ओतत होती. फरशी ओली, पाय अनवाणी. ती एकदम मागे फेकली गेली. “करंट यायलाय याला,” एवढंच म्हणाली. वाचली, हे नशीब. वायरमननं तीन भोकांचं सॉकेट बसवलं आणि आतल्या आत तिसरं भोक न्यूट्रलला जोडून दिलं. आम्ही निर्धास्त झालो. ते किती घातक होतं, हे मला फार उशिरा कळलं. न्यूट्रल मध्येच तुटला, की चांगल्या कुलरच्याही पत्र्यात पूर्ण वीज उतरते.

पुढे मी लातूरला स्थायिक झालो. तिथल्या जुन्या घरात खड्डा होता : लोखंडी पाइप, भोवती मीठ आणि कोळसा. पण अर्थिंगलाही तहान लागते. काळी माती वाळली की आकसते, भेगाळते, पाइपापासून सुटते. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा खड्ड्यात कोण पाणी ओतणार? हिशेब साधा आहे. खड्ड्याचा रोध 50 ओहम झाला, तर 230 व्होल्टला साडेचार अँपिअरच्या आसपासच वीज वाहते. 15 अँपिअरचा फ्यूज त्यानं उडत नाही, आणि पत्रा जिवंतच राहतो.

मग जुन्या घरानं काय करावं? सर्वांत चांगलं म्हणजे नवा खड्डा आणि सगळ्या घरात तीन तारांची नवी वायरिंग. तेवढा खर्च झेपत नसेल, तर कुलर, फ्रिज, गिझर, मोटार यांच्या सॉकेटपर्यंत तरी वेगळी हिरवी तार न्यावी. नळाच्या पाइपला ती बांधू नये. आज मधला तुकडा प्लास्टिकचा असला, की वाट तिथंच संपते. आणि मुख्य बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. जाणारी आणि परत येणारी वीज यांत तेवढा फरक पडला, की तो पुरवठा तोडतो; म्हणून कोरड्या खड्ड्यावरही तो कामाला येतो. अर्थिंग मुळीच नसेल, तर तो माणसाचा हात लागल्यावरच तुटेल. झटका बसेल, पण जीव वाचण्याची शक्यता खूप वाढेल. म्हणून तो अर्थिंगच्या जोडीला हवा, बदली म्हणून नव्हे. त्यावरचं ‘टी’ बटन महिन्यातून एकदा दाबून पाहावं.

नांदेडच्या घरात आता हिरवी तार आहे. तरी पाणी ओतण्याआधी आई प्लग काढायची ते काढायचीच, आणि तिचं बरोबरच होतं. यंदा माळ्यावरून कुलर काढाल, तेव्हा आधी जाणत्या वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)