महिन्याचं उत्पन्न किती?

मी दहा-अकरा वर्षांची असेन. बेळगावातल्या आमच्या घरी एक माणूस जाडजूड वही घेऊन आला आणि सोप्यातच बसून आईला विचारू लागला, “बाई, घरात माणसं किती? महिन्याचं उत्पन्न किती? दोन वेळचं पुरतं का?” आईनं पदर सावरला आणि सांगितलं, “खाऊन-पिऊन बरं चाललंय म्हणून लिवा.” त्या आठवड्यात ज्वारीचा डबा तळाला गेला होता. मी काही बोलणार, तोच तिनं डोळ्यांनीच मला गप्प केलं. तो गेल्यावर म्हणाली, “विचारणारा काय आणून देणार हाय का? आणि देणार असंल तर बदल्यात काय मागणार, ते आधी बघाय पाहिजे.”

पॅलेस्टिनी लोकांच्या मतचाचण्यांविषयी वाचायला लागले तेव्हा आईचं हे वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवलं. घर कसं चाललंय, पगार मिळाला का, बाहेरच्या देशांची मदत घ्यावी का, कोणत्या अटीवर घ्यावी, हे प्रश्न 1993 पासून वेस्ट बँक आणि गाझातल्या लोकांना सतत विचारले जात आहेत. खलील शिकाकी हे राज्यशास्त्राचे अभ्यासक आधी नाब्लुसहून आणि 2000 नंतर रामल्लाहून या चाचण्या घेत आले. इतकी वर्षं इतक्या बारकाईनं ज्यांची चूल विचारली गेली, असे लोक जगात थोडेच असतील.

पण मदतीची गोष्ट त्याच्याही आधीची आहे. 1948 च्या युद्धात सुमारे साडेसात लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 1949 मध्ये ‘उन्रवा’ ही संस्था स्थापन केली आणि 1 मे 1950 पासून तिचं काम सुरू झालं. पीठ, डाळ, तेल, साखर अशी शिधावाटणी, आणि त्यासाठी घराघराला रेशनकार्ड. आपल्याकडं रेशनकार्ड म्हटलं की रॉकेलची रांग आठवते. तिथं त्या कार्डाला वेगळाच अर्थ आला. आपण कोण, कुठल्या गावचे, आपलं काय गेलं, याचा तो कागदी पुरावा झाला. घरात कुणी वारलं तरी नाव कमी करायला लोक नाखूष असत आणि संस्थेचे अधिकारी त्याबद्दल कुरकुर करत. त्यात एका माणसाच्या शिध्याचा हिशेब होताच, तो कशाला नाकारायचा! पण लोकांचं म्हणणं याहून मोठं होतं. आमच्या भूमीची फाळणी संयुक्त राष्ट्रांनी ठरवली, तेव्हा हे पीठ भीक नाही, देणं आहे. म्हणूनच तंबूऐवजी पक्क्या खोल्या देऊ, दुसरीकडं वसवू, रोजगार देऊ, असं कुणी म्हणालं की छावण्यांत संशय पसरे. खोली पक्की झाली म्हणजे परतीची वाट बंद झाली, ही भीती. मार्च 1955 मध्ये गाझातल्या निर्वासितांना सिनाईत वसवण्याच्या बेताविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले.

उपाशी माणूस काहीही कबूल करतो, असं शहाणेसुरते लोक धरून चालतात. इथं तसं घडलेलं दिसत नाही.

बायकांनी यात आपला मार्ग काढला. गाझात 1950 पासूनच निर्वासित स्त्रियांच्या भरतकामाचं केंद्र चालू झालं. पुढं 1965 मध्ये रामल्लाशेजारच्या अल-बिरेह गावी समिहा खलील यांनी ‘इनआश अल-उसरा’ म्हणजे कुटुंबाला उभारी देणारी संस्था काढली. शिवण, भरतकाम, खाद्यपदार्थ, मुलींना प्रशिक्षण, असं सगळं. दान घेऊन जगण्यापेक्षा काम करून जगावं, हा त्यामागचा विचार. पहिल्या इंतिफादाच्या काळात, 1988 साली, इस्रायली लष्करानं ती संस्था बंद पाडली. पण बाई डगमगल्या नाहीत. 1996 मध्ये अध्यक्षपदासाठी यासर अराफात यांच्यासमोर उभं राहणारी एकटी व्यक्ती कोण, तर ही ‘उम्म खलील’, तेव्हा सत्तरी ओलांडलेली. त्या हरल्या, हरणारच होत्या. पण साधारण दहातलं एक मत त्यांना पडलं. हे नाव आपल्या बायकांना ठाऊकच नाही, याचं मला वाईट वाटतं.

सप्टेंबर 1993 मध्ये ओस्लो करारावर सह्या झाल्या आणि तीन आठवड्यांच्या आतच देणगीदार देशांनी दोन अब्ज डॉलरहून जास्त रकमेची आश्वासनं दिली. पैसा आला, कार्यालयं आली, मोठ्या गाड्या आल्या. परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थांना लोक ‘दकाकीन’ म्हणू लागले, दुकानं! आणि खरी किल्ली होती दुसऱ्याच्याच हातात. 1994 च्या पॅरिस कराराप्रमाणं पॅलेस्टिनी मालावरची जकात आणि कर इस्रायल गोळा करतो आणि मग पॅलेस्टिनी प्राधिकरणाला देतो. म्हणजे आपल्या घराचं भाडं शेजाऱ्यानं वसूल करायचं आणि मनाला आलं तर आपल्याला द्यायचं.

ही किल्ली 2006 मध्ये फिरली. 25 जानेवारीच्या निवडणुकीत हमासनं 132 पैकी 74 जागा जिंकल्या. (शिकाकींच्या मतदानोत्तर पाहणीनं फतह पुढं असल्याचं सांगितलं होतं. विचारणाऱ्याला सगळंच कोण सांगतो!) पाच दिवसांत अमेरिका, युरोपीय संघ, रशिया आणि संयुक्त राष्ट्रं यांच्या चौकडीनं सांगितलं, हिंसा सोडा, इस्रायलला मान्यता द्या, आधीचे करार पाळा, तरच पुढची मदत. इस्रायलनं कराचे पैसे रोखले. दीड लाखाहून जास्त सरकारी नोकरांचे पगार थांबले. शिक्षक, परिचारिका, पोलीस, कारकून. बायकांनी लग्नातलं सोनं विकलं, वाणी उधारी देईना, विजेची बिलं थकली. सप्टेंबरमध्ये शाळा उघडायच्या वेळी शिक्षक संपावर गेले. संपामागं फतहचं राजकारण होतं असं म्हणतात, ते खोटं नसेल. पण पगार नव्हता हेही खोटं नव्हतं.

नेमक्या त्याच सप्टेंबरमध्ये शिकाकींची माणसं दारोदार गेली. अर्ध्याहून अधिक लोक म्हणाले, हमासचं सरकार नीट चाललेलं नाही. पगाराच्या बाबतीत तर दहातले सात नाराज होते. मग पुढचा प्रश्न होता, देणगीदारांची अट मानून हमासनं इस्रायलला मान्यता द्यावी का? दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं, देऊ नये.

हे आकडे वाचून मी बराच वेळ थांबले. बाहेरून पाहणाऱ्याला यात विसंगती वाटते. सरकारवर रागही आहे, घरात पैसाही नाही, मग अट का नको? मला वाटतं, घर चालवलेल्या कुणाही बाईला हे कळायला अवघड नाही. नवऱ्याला बोल लावणं वेगळं आणि शेजाऱ्यानं धान्याच्या पोत्याबरोबर आपल्या घरात हुकूम चालवणं वेगळं. अर्थात मी याचं नुसतं कौतुक करत नाही. ‘देऊ नये’ हे मत एका मिनिटात सांगता येतं. त्यापायी बिनपगाराचा महिना काढायचा असतो तो त्याच घरातल्या बाईला. आणि त्या तिसऱ्या हिश्श्यातल्या लोकांचं काय, ज्यांना अट मान्य होती? त्यांच्या घरातली पोरंही उपाशीच होती.

2007 मध्ये गाझा आणि वेस्ट बँक यांच्यात दोन राज्यकर्ते झाले, गाझाची नाकेबंदी झाली. ऑगस्ट 2018 मध्ये अमेरिकेनं उन्रवाची मदत थांबवली. (त्याच वर्षी भारतानं आपला वाटा वाढवून वर्षाला 50 लाख डॉलर केला. तेव्हा आपणही या हिशेबात आहोत.) जून 2019 मध्ये बहारीनच्या मनामात अमेरिकेनं 50 अब्ज डॉलरची योजना मांडली, आधी समृद्धी, राजकारण नंतर. पॅलेस्टिनी नेते गेले नाहीत, आणि मतचाचणीत लोकांनीही मोठ्या बहुमतानं त्यांचीच री ओढली. याच लोकांपैकी दहातले आठ आपल्याच प्राधिकरणाच्या कार्यालयांत भ्रष्टाचार आहे, असं वर्षानुवर्षं सांगत आलेत. नेत्यांवरच्या प्रेमापोटी तो नकार नव्हता.

मग ऑक्टोबर 2023. हमासचा हल्ला, आणि गाझावरचं ते युद्ध. नोव्हेंबरच्या अखेरीस थोडे दिवस तोफा थांबल्या, तेवढ्यात शिकाकींची माणसं पुन्हा वह्या घेऊन गाझात निघाली. या वेळी महिन्याचं उत्पन्न विचारण्यात अर्थ उरला नव्हता. प्रश्न असा होता, एक-दोन दिवस पुरेल एवढं अन्नपाणी तुमच्याजवळ आहे का?

शंभरातल्या 44 जणांनी ‘आहे’ म्हणून सांगितलं. 56 जणांनी ‘नाही’ म्हणून सांगितलं. डबा तळाला गेलाय, हे या वेळी त्यांनी लपवलं नाही.