श्वानदंशाची लस आणि लुळेपणाचें कोडें

पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशानंतर पोटांत घ्यावयाचीं चौदा इंजेक्शनें अनेक घरांतील वडीलधारीं माणसें अद्याप विसरलेलीं नाहींत. या धास्तीमागें केवळ सुईची वेदना नव्हती. लस टोचल्यानंतर क्वचित् एखाद्यास ज्वर येई, पाय लुळे पडत, मेंदूस किंवा मज्जारज्जूस दाह होई. कांहीं रोगी त्यांत दगावतहि. हा दोष लशीचा, कीं दंशाचा?

निवाडा सोपा नव्हता. १८८५ सालीं पाश्चर यांनीं नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला दिलेली लस सशाच्या मज्जारज्जूपासून केलेली होती. १९११ सालीं डेव्हिड सेंपल यांनीं कसौली येथें मेंदूंतील विषाणु कार्बोलिक ॲसिडनें निष्प्रभ करून नवी लस सिद्ध केली. पुढें भारतांत ती मेंढीच्या मेंदूपासून होऊं लागली. लस घेणारा आधींच दंश झालेला. तेव्हां संशय प्रथम रोगाच्या विषाणूवर जाई. परंतु ज्यांना चावलेलें कुत्रें पुढें निरोगी ठरलें, अशांनाहि लुळेपणा येई. मग लशींतलाच विषाणु जिवंत राहिला असावा काय? एकामागून दुसरें घडलें, एवढ्यानें कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्यें थॉमस रिव्हर्स व त्यांचे सहकारी यांनीं १९३३ व १९३५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनीं या कोड्यावर प्रकाश पडला. त्यांनीं माकडांना निरोगी सशाच्या मेंदूचा अर्क वारंवार टोचला. त्यांत या रोगाचा विषाणु मुळींच नव्हता. तरीहि कांहीं माकडें लुळीं पडलीं, आणि त्यांच्या मेंदूंत दाह व मज्जातंतूंच्या वेष्टनाचा नाश दिसला. परक्या मेंदूवर चालून जाणारी शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्या मज्जातंतूंवरहि उलटते, हें पुढें स्पष्ट झालें.

कारण उमगलें, तरी लस टाकून देतां येईना. जलसंत्रासाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर मृत्यु जवळजवळ अटळ, आणि लुळेपणा मात्र विरळा. दोष मान्य करणें आणि तरीहि लस टोचणें, हीं दोन्हीं कर्तव्यें डॉक्टरांस एकाच वेळीं पार पाडावीं लागलीं.

खरा उपाय होता तो मेंदूचा अंश नसलेल्या लशीचा. पेशींच्या संवर्धनावर तयार केलेल्या लशी आल्या. १९८४ पासून जागतिक आरोग्य संघटनेनें जुनी लस बंद करण्याचा आग्रह धरला, आणि भारतांत तिचें उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलें. आतां दंडावर थोड्याच मात्रा पुरतात. लशीचा दोष झांकला असता, तर सुधारणेस कारणच उरलें नसतें. भयानें लस नाकारली असती, तर दंश झालेले कित्येक जीव वांचले नसते.