सेकंड अव्हेन्यू, 27 फेब्रुवारी 1975

रात्री 12.15च्या सुमारास : मॅनहॅटनमध्ये सेकंड अव्हेन्यू आणि तेराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर न्यूयॉर्क टेलिफोन कंपनीची अकरा मजली इमारत. रस्त्याखालून आलेली केबल जिथून आत शिरते, त्या तळघरात आग लागते.

12.25 : रात्रपाळीवाल्यांना धूर दिसतो. अग्निशमन दलाला फोन लावायला जावं तर लाइनच मेलेली. एक जण धावत रस्त्यावर जातो आणि तिथल्या अलार्मच्या पेटीची कळ ओढतो.

पहाटेपर्यंत : तळघरातून वरच्या मजल्यांवर केबल नेण्यासाठी स्लॅबला भोकं पाडलेली असतात. त्यांतूनच आग वर चढते, सगळ्या तारा जिथे जोडलेल्या असतात त्या तळमजल्यावरच्या मुख्य फ्रेमपर्यंत पोहोचते. पण खरा वैरी ज्वाळा नव्हेच, धूर. तारांवरचं पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ओलावा मिळताच त्याचं आम्ल होतं. माणसाच्या नाकातली, घशातली, फुप्फुसातली ओल त्याला पुरते. जवानांना स्वतःचा हात दिसत नव्हता. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा भराभर संपायची. बाहेर यायचं, नवा सिलिंडर चढवायचा, पुन्हा आत.

संध्याकाळ : सुमारे 16 तासांनी आग आटोक्यात येते. जवळपास 700 जवान लढले, त्यांतल्या दोनशेहून अधिक जणांवर उपचार करावे लागले. 1,70,000 फोन बंद. त्यांत रुग्णालयं आणि पोलीस ठाणीही.

22 दिवसांनी : फोन पुन्हा सुरू. हजारो कामगारांनी रात्रंदिवस खपून ते केलं. काजळी बसलेले स्विचचे भाग टूथब्रशने घासून साफ केले. या पराक्रमाचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. धूर पिऊन आलेल्या जवानांची मात्र तितक्या आस्थेने विचारपूस झाली नाही, याचा मला आजही राग येतो. पुढे त्यांतल्या अनेकांना कर्करोग झाला. त्यांचे सहकारी याच धुराकडे बोट दाखवतात.

12 वर्षांनी : अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेची 1987ची आवृत्ती. आता इमारतीतल्या टेलिफोनच्या केबललाही आगीची चाचणी पार करावी लागणार. मजल्यामजल्यांतून उभी जाणारी केबल वेगळी, छताआडच्या हवेच्या पोकळीतली वेगळी. या दुसरीची कसोटी सर्वांत कडक, कारण तिथला धूर वातानुकूलनाच्या वाटेने थेट माणसांपर्यंत पोहोचतो.

27 वर्षांनी : 2002ची आवृत्ती. वापरातून गेलेली केबल छताआड तशीच सोडायची नाही, हाताला लागेल तेवढी उपसून काढायची.