हीलिंग ब्रशची वंशावळ

पुण्याहून मुळशी तालुक्यातल्या पौडकडे जाताना पिरंगुट मागे पडले की घोटावडे फाटा लागतो. या परिसरात फोटो-स्टुडिओ चालविणाऱ्याकडे लग्नाचे अल्बम आणि पासपोर्ट फोटो यांच्या जोडीला जे तिसरे काम बारमाही येत राहते, ते वारलेल्या माणसाचा फोटो ‘करून देण्याचे’ असते. घरातले वडीलधारे माणूस गेले की दशक्रियेच्या आत चौकटीत बसविण्याजोगे मोठे चित्र हवे असते. आणि हाती असतो तो पासबुकावरचा, अर्ध्या गालावर बँकेचा जांभळा शिक्का उमटलेला नखाएवढा तुकडा, किंवा कोणा भाच्याच्या लग्नात मागल्या रांगेत उभा राहिलेला, फेट्याच्या सावलीत बुडालेला चेहरा. तो शिक्का पुसणे, ती सावली उठविणे, खांद्यावरचा परका हात काढून टाकणे, आणि एवढे करूनही घरच्यांनी पाहताक्षणी ‘हेच आमचे अण्णा’ म्हणावे इतकी ओळख शाबूत राखणे, ही जोखीम ज्या तरुणावर येते तो फोटोशॉप पहिल्यांदा उघडतो, तेव्हा पडद्याच्या डाव्या अंगाला उभ्या असलेल्या आयुधांच्या रांगेपुढे तो गोंधळून जातो. माझे म्हणणे असे आहे, की त्यांतील बहुतेक आयुधांना शंभर-दीडशे वर्षांचे कूळ आहे, आणि ज्याने ते कूळ जाणून घेतले त्याला त्या गर्दीतून वाट काढणे फारसे जड जात नाही.

चेहऱ्याच्या चित्रावर हात फिरविण्याची प्रथा माणसाच्या नटण्याच्या हौसेतून निघाली, असा सार्वत्रिक समज आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली कोलोडियनची ओली काच प्रचारात आणली, आणि पुढील तीन दशके बहुतेक मुखचित्रे याच काचेवर घेतली गेली. या काचेचा मोठा दोष असा, की तिला निळा व जांभळा प्रकाश तेवढा उमगे. तांबडा, पिवळा, तपकिरी हे रंग तिच्या हिशेबी जवळजवळ अंधारच होते. त्यामुळे कपाळीचे कुंकू चित्रात काळे उमटे, गालावरची तांबूस पुटकुळी शाईच्या ठिपक्याएवढी गडद होई, आणि गव्हाळ वर्णाचा मनुष्य प्रत्यक्षात असे त्याहून कितीतरी सावळा दिसे. उलट जे निळे असे ते फिके पडे. न्यूझीलंडातील माओरी लोकांच्या चेहऱ्यावरचे ठसठशीत गोंदण अशा चित्रांत जवळजवळ नाहीसे झाल्याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. आणि आपल्या बायकांच्या कपाळावरच्या व हनुवटीवरच्या हिरव्या-निळ्या ठिपक्यांनाही प्रकाशाचा तोच कायदा लागू होता. म्हणजे काचेने चेहऱ्याविषयी खोटी साक्ष दिली होती, आणि पेन्सिल घेऊन बसलेला कारागीर ती साक्ष दुरुस्त करीत होता.

आपल्याकडे छायाचित्रणाची विद्या आली ती फार उशिरा नव्हे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकून बाहेर पडलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतील नामांकित व्यावसायिक छायाचित्रकार झाले, डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही सोसायटीच्या कामात होते. योगायोग असा, की त्याच १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल याने एकाच व्यक्तीची दोन चित्रे, एक हात न फिरवलेले आणि एक निगेटिव्हवर हात फिरवलेले, शेजारीशेजारी मांडून लोकांना थक्क केले, अशी हकीकत छायाचित्रणाच्या इतिहासग्रंथांत दिलेली आढळते.

हा हात फिरविण्याचा प्रकार जवळून पाहण्याजोगा आहे. उतरत्या मेजाच्या मधोमध खरवडलेल्या काचेची खिडकी असे. तिच्याखाली आरसा तिरपा लावून दिवसाचा उजेड वर घेत, आणि भोवतालचा उजेड डोळ्यांत शिरू नये म्हणून वर काळ्या कापडाचा पडदा ओढीत. निगेटिव्हच्या लेपाकडील बाजूवर डामर-राळ टर्पेंटाइनमध्ये विरघळवून केलेले पातळ औषध बोटाने चोळीत, कारण त्यावाचून गुळगुळीत लेपावर शिसे धरत नसे. मग कठीण शिशाची पेन्सिल वाळूच्या कागदावर सुईसारखी टोकदार करून, अगदी हलक्या हाताने, स्वल्पविरामाएवढ्या रेघोट्या आणि ठिपके यांनी तो डाग भरून काढावयाचा. निगेटिव्हमध्ये सारे उलटे असते, म्हणून चेहऱ्यावरचा काळा डाग तेथे पारदर्शक दिसे. त्यावर शिसे चढले की छापाच्या वेळी तेथून प्रकाश कमी जाई आणि कागदावर ती जागा उजळ होई. याच्या विरुद्ध काम, म्हणजे जास्तीचा उजळपणा मारणे, हे चाकूने करीत, आणि तेथे हात चुकला तर उपाय नसे. पेन्सिल टर्पेंटाइनने पुसून पुन्हा आरंभ करता येई. खरवडलेला लेप मात्र परत येत नसे.

पार्श्वभूमी बदलण्याचे कामही असेच जुने, आणि त्याचा एक ठळक दाखला खुद्द मुंबईचा आहे. विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ साली दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या ‘ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ या ग्रंथात माणसांची स्टुडिओत घेतलेली चित्रे वेगळी काढून ती मुंबईतील बाहेरच्या दृश्यांवर जोडून छापली आहेत. लग्नाच्या मांडवातून अण्णांना उचलून निळ्या पडद्यापुढे बसविणारा आजचा तरुण ज्या घराण्याचा आहे, त्या घराण्याचे हे दप्तर.

काचेचा जो दोष दुरुस्त करावयाचा होता तो पुढे उरला नाही. बर्लिनच्या हेर्मान फोगेल याने १८७३ साली लेपात रंगद्रव्य मिसळून काचेला हिरव्या-पिवळ्या रंगांचे भान आणले, आणि १९०६ पासून इंग्लंडात सर्व रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा विक्रीस आल्या. गव्हाळ गाल आता गव्हाळच उमटू लागला. पण तोपर्यंत चेहरा उजळ करून देण्याची वहिवाट पडून गेली होती. गिऱ्हाईक तेच मागे, कारागीर तेच शिके, आणि मूळ कारण कोणाच्या स्मरणात राहिले नाही. ज्या हाताने काचेचा अन्याय दूर केला, तोच हात पुढे त्वचेच्या वर्णालाच दोष मानू लागला, ही या विद्येच्या इतिहासातील मला सर्वांत बोचणारी गोष्ट आहे.

आता पडद्यावरच्या आयुधांकडे वळू. फोटोशॉप लिहिणारा थॉमस नोल हा मिशिगन विद्यापीठाचा विद्यार्थी; त्याच्या वडिलांनी घरीच डार्करूम केली होती आणि छापकामाचे धडे त्याने तेथे घेतले होते. त्याने व त्याचा भाऊ जॉन याने मिळून केलेला कार्यक्रम फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आला. त्यातील डॉज या आयुधाचे चित्र म्हणजे काडीला लावलेली चकती आणि बर्नचे चित्र म्हणजे वळलेला पंजा. डार्करूममध्ये छापाच्या वेळी जेथे प्रकाश कमी पडावा तेथे तारेवरची पुठ्ठ्याची चकती धरीत, आणि जेथे अधिक हवा तेथे पंजाच्या फटीतून तो सोडीत. त्या दोन हालचाली जशाच्या तशा येथे आल्या आहेत. फेट्याच्या सावलीतला डोळा उठवायचा तर हीच चकती हाती घ्यावी, मात्र जोर पाच-सात टक्क्यांवर ठेवून पुन्हापुन्हा फिरवावी; एकदम उठविलेली सावली राखट दिसते.

क्लोन आणि हीलिंग यांतला भेद नवख्याला हमखास अडवतो. क्लोन स्टँप दाखविलेल्या जागेची हुबेहूब नक्कल उतरवितो, रंगासकट आणि पोतासकट. म्हणून केसांची कड, सदऱ्याची शिवण, गालाच्या रेषेवर आलेला शिक्क्याचा काठ येथे तोच कामाचा. २००२ साली, सातव्या आवृत्तीत आलेला हीलिंग ब्रश पोत तेवढा दाखविलेल्या जागेचा घेतो आणि रंगाची छटा भोवतालच्या त्वचेशी जुळवून देतो. शिशाचा तो कारागीर डागाच्या भोवतालची छटा डोळ्यांनी अजमावून जे करीत असे, तेच हा गणिताने करतो. पण तो काठापाशी नेला की पलीकडचा गडद रंग ओढून आणतो आणि गालावर मळकट धब्बा पडतो. तेथे क्लोनच मारावा.

सर्वांत मोठी सुधारणा मात्र लेयरची, १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीतली. आणि ती समजावून घेण्यास मुळशीतल्या माणसाला लांब जावे लागत नाही. तलाठ्याच्या दप्तरात जुन्या खातेदाराचे नाव नाहीसे करीत नाहीत. त्याला कंस करून फेरफार क्रमांक घालतात, आणि उद्या हरकत निघाली तर त्या क्रमांकाच्या मागाने मूळ नोंदीपर्यंत जाता येते. येथेही तसेच करावे: मूळ चित्र तळाशी अबाधित ठेवून वर कोरा लेयर घ्यावा, ब्रशला ‘सॅम्पल ऑल लेयर्स’ची मुभा द्यावी आणि सगळी दुरुस्ती त्या कोऱ्या लेयरवरच चढवावी. चाकूने खरवडलेल्या काचेचे जे भय होते ते येथे राहत नाही.

अलीकडे त्वचा आपोआप गुळगुळीत करणारी साधने आली आहेत; २०२० साली ती फोटोशॉपच्याच पोटात दाखल झाली. एक पट्टी सरकविली की सुरकुत्या, देवीचे वण, तीळ, सारे एकाच हुकुमाने विरते. ज्या स्टुडिओला एका लग्नाचे हजारभर फोटो वेळेत द्यावयाचे असतात, त्याने या पट्टीचा आधार घेतला तर मी त्याला बोल लावणार नाही. पण आजीच्या एकट्या चित्राला ती पट्टी लावू नये, निदान सरसकट लावू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण त्या यंत्राला गोंदणाचा निळसर ठिपका हा डागच वाटतो, आणि कोलोडियनच्या काचेने जे एकदा फिके केले होते ते ही पट्टी पुन्हा पुसते. लेयरला मास्क लावून कपाळ, हनुवटी आणि वणांच्या जागा काळ्या ब्रशने रंगवून राखून ठेवाव्यात, वर्ण उजळविण्याच्या फंदात पडू नये, आणि चित्र प्रिंटला धाडण्यापूर्वी घरातल्या एखाद्या जुन्या बाईला पडद्यासमोर बसवून विचारावे, की आजीच्या हनुवटीवर ठिपके तीन होते की पाच.