मंगळागौरीचे वडे, मटकीची उसळ आणि रिकामं पोट

परवा संकष्टी होती आणि नेमका आमच्या गटाचा सरावही होता. आम्ही बाराजणी आहोत, वयं पंचावन्न ते चौऱ्याहत्तर. सोसायटीच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन दिवस मंगळागौरीचे खेळ खेळतो. श्रावणात दोनचार ठिकाणी बोलावणी येतात, बाकी वर्षभर आपली हौस. सकाळपासून माझ्या पोटात दोन कप चहा आणि मूठभर शेंगदाणे एवढंच होतं. पिंगा घालता घालता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी भिंतीला टेकून खाली बसले.

फार काही झालं नाही, काळजी करू नये. पण घरी आल्यावर १९७८ सालचा श्रावण आठवला, आणि मग बसून थोडं वाचलं. तेच आज लिहिते आहे.

आमच्या आजीचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मुलींचं लग्नाचं वय किमान चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ सालचा, म्हणजे त्याच्या बऱ्याच आधी. सासरी मोठ्याने हसायची चोरी, मग नाचणं कुठलं? पण लग्नानंतरची पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी तिला रात्रभर नाचायची मुभा होती. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, आगोटापागोटा. आजी म्हणायची, "देवीच्या नावावर पाय मोकळे करून घेत होतो गं आम्ही."

या दिवसाचा क्रम आमच्याकडे ठरलेला. सकाळी पूजा, दुपारी वसोळ्यांचं मुक्याने जेवण, संध्याकाळी आरती, मग जागरण. आणि रात्रीच्या फराळाला भाजणीचे वडे, मटकीची उसळ, दही. पहाटे खेळ संपायचे, सकाळी उत्तरपूजा आणि दहीभात.

आता या ताटाकडे मास्तरणीच्या नजरेने बघू. नाचताना स्नायू जे इंधन जाळतात त्याचं नाव ग्लायकोजेन. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते १८५७ साली यकृतातून वेगळं काढलं. पण स्नायूतला साठा संपतो कसा आणि भरतो कसा, हे कळायला पुढे शंभर वर्षं गेली. १९६६ साली बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोन स्वीडिश डॉक्टरांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने एकच पाय दमेपर्यंत चालवला. पुढचे तीन दिवस भरपूर पिष्टमय आहार घेतला आणि सुईने मांडीच्या स्नायूचे कण काढून तपासले. दमलेल्या पायातला साठा आराम केलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झाला होता! म्हणजे दमलेला स्नायू अन्नाची वाट बघत असतो. खेळ झाल्यावरचा वडा आणि दहीभात अगदी वेळेवर पोचत होता म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, त्याचं खापर अजूनही लोक लॅक्टिक ॲसिडवर फोडतात. ते तर व्यायामानंतर तासा-दोन तासांत निघूनही जातं. स्नायूतले तंतू सूक्ष्म प्रमाणात तुटतात म्हणून उशिरा दुखतं, असं थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०२ सालीच मांडलं होतं. ही डागडुजी होते प्रथिनांनी आणि झोपेने. कडधान्यांमधल्या प्रथिनांवर आपल्या कमला सोहोनींनी (माहेरच्या भागवत) आयुष्यभर काम केलं. मोड आणल्याने मटकीतलं लोह शरीराला जास्त मिळतं, वर लिंबू पिळलं तर आणखी.

हे वाचून कुणी म्हणेल, "बघा, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं!" थांबा.

१९७८ साली आमच्या धाकट्या जावेची पहिली मंगळागौर होती. मधली जाऊ पहाटे चारपासून ओट्याशी, आणि अंगावर पिणारं सहा महिन्यांचं बाळ. (ती हा ब्लॉग वाचते, तिला विचारूनच लिहिते आहे.) वाढणाऱ्यांची पंगत सगळ्यात शेवटी. तिच्या वाटणीला उसळीचा नुसता रस्सा आला. रात्री फुगडी घालताना ती धाडकन पडली. मोठ्या बायकांनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. "जेवलीस का?" असं कुणीही विचारलं नाही. मीही नाही. सकाळी सहाला ती पुन्हा ओट्याशी होती.

ताट उत्तम होतं, पण ते ज्या बाईपर्यंत पोचायला हवं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. झोप तर कुणाच्याच वाट्याला नव्हती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय निघाला. तेव्हा ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही.

आणि माझं काय? मला आता कुणी शेवटच्या पंगतीला बसवत नाही. तरी चहावर भागवायची सवय सुटलेली नाही. साठी-पासष्टीनंतर तर स्नायू टिकवायला वजनाच्या दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं रोज लागतात, तरुणांपेक्षा थोडी जास्तच.

म्हणून गटात आम्ही नियम केला आहे. सरावाच्या तासभर आधी केळं किंवा वाटीभर पोहे. मध्ये पाणी, नंतर ताक. घरी जाऊन उसळ किंवा वरण पोटभर, आणि चहा त्याच्याबरोबर नाही, तासाभराने, कारण तो लोह शोषू देत नाही. सलग दोन दिवस सराव नाही. उपास असेल त्या दिवशी टाळ्या वाजवायला यायचं. मधुमेहाची गोळी घेणारीने तर रिकाम्या पोटी पिंगा घालायचाच नाही.

काल मधल्या जावेला फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, सेहेचाळीस वर्षं उलटून गेली की हो! पण विचारलंत, बरं वाटलं."

असो. तुमच्याकडे जागरणाच्या रात्री काय करायचे, आणि शेवटी कोण जेवायचं? जरूर कळवा.